झेंडूचा राक्षस

बाबा, तुम्ही मला मारायचात त्याचा मी खेळ बनवला आहे. खराखुरा, कॉम्प्युटरवर खेळायचा. राजापेठेतल्या माझ्या खोलीखाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या कोकलत असतात आणि वर मी जुन्या व्हिडिओ गेमसारखी चित्रं करते. मोठे चौकोनी ठिपके, मोजके रंग, भोवती पहिल्यावहिल्या इंटरनेटचं पान, लुकलुकणारी अक्षरं, सरकती पट्टी, कितवा पाहुणा आला ते सांगणारा आकडा. तुम्ही आज असतात तर म्हणाला असतात, डोये फुटले काय तुये, एवढं जाडंभरडं काहून काढून राहिली. पण ज्यांच्या जन्माआधीच हे सगळं मोडीत निघालं, तीच पोरं आता यावर जीव टाकतात. पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे. दोन लेव्हल झाल्या, तिसरी आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहे. ती होत नाही, म्हणून चिडून तुम्हाला लिहायला बसले.

पहिली लेव्हल अकोल्याची, जुन्या शहरातल्या आपल्या फुलांच्या दुकानाची. लग्नाच्या गेटासाठी तुम्ही तारेच्या चौकोनी जाळीत झेंडू खोचून नवरा-नवरीची नावं लिहायचात. आधी गणिताच्या वहीत आखायचं, एका घराला एक फूल, मग जाळीवर मोजून भरायचं. मी बारा वर्षांची होते, हात तयार झाला होता. मामाने दिलेला टीव्ही गेम डोक्यात इतका भिनलेला की कोपऱ्यात वेलबुट्टीऐवजी मी गेममधला दोन शिंगांचा राक्षस भरला, शेवंतीचे पांढरे दात लावून. एक घर चुकलं नव्हतं. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही घाईत होतात, न बघताच गेट उभं केलंत. नवरदेवाच्या काकाने भर मांडवात तुमच्या थोबाडीत मारली. ‘लग्नात भूत लावतं का बे?’ तुम्ही हात जोडून उभे राहिलात आणि मी ते पाहिलं. मला वाटतं, मी पाहिलं याचाच तुम्हाला जास्त राग आला. घरी येऊन म्हणालात, ‘कोन्त्या हातानं भरलं थे? दाखव.’ मी भैताडासारखा हात पुढे केला. छडी असेल असं वाटलं, ती तार पिळायची पकड होती. दोन बोटं मोडली. माय मधे पडली, तर तिला भिंतीवर असं ढकललंत की भुवई फुटली.

दुसऱ्या लेव्हलमध्ये दुसरा दिवस आहे. तुम्ही गेम ओट्यावर मांडता, तराजूचं दोन किलोचं वजन हातात घेता, मला समोर बसवता. गेमची एकेक कॅसेट उचलून विचारता, ‘याचं नाव काय?’ मी नाव सांगते, तुम्ही ती ठेचता. मी गप्प बसले की वजन माझ्या पावलाशेजारी आदळतं. मग मी भराभर नावं सांगत सुटते. तुमचा इतका द्वेष मी आधी किंवा नंतर कधी केला नाही, पकडीच्या वेळीही नाही.

या खेळात खेळणारा म्हणजे तुम्ही. बटण दाबलं की हात उठतो, आणि मारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. परवा माय अकोल्याहून आली होती, तिने एका बोटाने दोन्ही लेव्हल खेळल्या. मग तिचा हात भुवईवर गेला.

‘मार खरा हाय,’ ती म्हणाली. ‘पण तू लोकाइले सांगतं का गेम पाहून शिकली. घरं मोजून भरणं त्यानं शिकवलं तुले. थे काहून नाई सांगत?’

‘मार मी खाल्ला, माय. काय सांगायचं ते मीच ठरवीन.’

‘ठरव ना. मंग तिसऱ्यात काय हाय?’

मी कॉम्प्युटर बंद केला. आयोजकांना वाटतं, तिसऱ्यात पोरीने उलट मारावं, म्हणजे बघणाऱ्याला बरं वाटेल. त्यांना काय माहीत.

तुमचं अर्धं अंग गेलं त्या वर्षीची दुपार. माय बाजारात गेली होती आणि मी तुम्हाला वरणभात भरवत होते. तुम्ही घास माझ्या तोंडावर थुंकलात. मुद्दाम की जिभेमुळे, ते मला आजही ठाऊक नाही. मी एक थप्पड मारली. तुम्हाला हात उचलता येत नव्हता, बोलता येत नव्हतं. मग मी थांबून, नीट बघून, दुसरी मारली. बरं वाटलं, बाबा. मायने आल्यावर तुमचा गाल लाल का म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, बाबा कुशीवर झोपले होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

लेव्हल होत नाही हे मी वर खोटं लिहिलं. ती चार दिवसांपूर्वीच झाली, त्या दुपारचीच आहे, आणि तिच्यात खेळणारी मी आहे. आज आयोजकांना दोनच पाठवीन, मायला ती दाखवणार नाही, आणि हे पत्र तर कुणालाच नाही. दुसरी थप्पड न मारताही ती लेव्हल संपते, मी तशी सोय ठेवली आहे. पण मी ती पुष्कळदा खेळले, आणि एकदाही तशी संपवली नाही.