आईच्या मापाच्या कड्या

प्रिय खारूताई,

तू जंगलात कामावर परतलीस त्याला बरेच दिवस झाले. निघताना दारात तू मला एकच गोष्ट विचारलीस आणि मी दिव्याचं बटण शोधायला लागलो. दिवा चालूच होता. तुझी आई गेली तेव्हा तू वाटेत होतीस, म्हणून विचारण्याचा तुला हक्कच होता. हाताला काम असलं की मला बरं बोलता येतं, म्हणून तुझं पार्सल बांधता बांधता हे लिहितोय.

पार्सलात ती रजई आहे. झाडांना बांधलेल्या झुल्यात झोपलं की खालून थंडी लागते, अंथरलेलं सगळं अंगाखाली चपटं होतं, असं तू कळवलं होतंस. तुझ्या आईने लगेच शिलाई मशीन उघडलं. रजई झुल्याच्या खाली, बाहेरून टांगायची हे तिनेच ठरवलं. टांगायचं सामान माझ्या गळ्यात पडलं. बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या घरात कड्यांना काय तोटा? जुन्या पट्ट्यांच्या सरकत्या कड्या, दप्तरांचे हुक, इलॅस्टिकची दोरी, सगळं डब्यातच निघालं. दुकानात तुझा जुना झुला बांधला आणि मापासाठी आईला त्यात झोपवलं. मी सवयीने सगळं करकचून ओढलं. रजई झुल्याला अशी चिकटली, की ऊब राहायला जागाच उरली नाही. ती कुडकुडत हसली. म्हणाली, अहो, ही बॅग नाही, यातून काही सांडणार नाहीये. रजई पाठीला नुसती टेकायला हवी, दाबली जाता कामा नये, एवढं शिकायला मला फार वेळ लागला.

मग तिचं दुखणं वाढलं. पलंगावर पाठ टेकवेना, झुल्यात मात्र डोळा लागायचा. म्हणून तुझी रजई घरीच राहिली.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. दुखण्यात आई हलकी होत गेली तसा झुला वर उचलला जायचा, रजई खालीच राहायची आणि मधल्या फटीत गार हवा शिरायची. मी चहाची कपबशी उचलायच्या निमित्ताने वाकायचो आणि कडी थोडी पुढे सरकवून दोरी आवळायचो. तिला कळू नये अशी माझी धडपड. तिला सगळं कळत होतं. एकदा म्हणाली, शेवटी तुमच्याच मनासारखं झालं ना, ओढा आता हवं तेवढं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

तू विचारलंस, शेवटी आईला थंडी वाजत होती का. नाही गं. त्या सकाळी मी रोजच्यासारखा खालून हात लावून पाहिला, रजई कोमट होती. छान झोप लागलीय म्हणून मी उठवलं नाही, शेजारीच बसून राहिलो. ती गेली होती, हे मला रजई गार व्हायला लागली तेव्हा कळलं. कड्या अजून तिच्या शेवटच्या मापावरच आहेत. तशीच टांगलीस तर तुझ्या वजनाने रजई दाबली जाईल, ऊब धरणार नाही. झोपण्याआधी त्या सैल कर. मी करायला बसलो होतो, पण हात पुढे जाईना.

तुझाच,
बाबा