एका बोटाचा सलाम

९ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा कुरांबीला! सिडनीत शिकायला आलो तेव्हापासून भाड्याच्या खोल्यांत दुसऱ्यांचं घोरणं ऐकत झोपलो. इथे अख्खं घर माझं. मागे लिंबाचं झाड, पुढे कापलेल्या गव्हाची शेतं, नजर जाईल तिथवर. मालक क्लाइव्ह ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर दुरुस्त करतो. डिझेल मेकॅनिक या भागात दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही, म्हणून त्याने व्हिसासाठी माझं नाव दिलं. तीन वर्षं त्याच्याकडे टिकलो की कायमचा शिक्का. बायको वासितीचे आणि लेक लिटियाचे कागद माझ्याबरोबरच झालेत. जुलैत दोघी फिजीहून येतील. तोवर घराला घरपण आणायचं.

क्लाइव्हने कामाचा नियमही लगेच सांगून टाकला. आपी, लेका, चर्चला जा नाहीतर पबमध्ये पडून राहा, पण बदली माणूस मिळाल्याशिवाय मी कुणाला रजा देत नाही. त्याची बायको नोलीन फणकारली. आल्या आल्या नियम कसले ऐकवतोस त्याला, आधीचा त्यापायीच गेला ना, म्हणाली. तिने मला भाजलेलं मटण वाढलं, पुन्हा पुन्हा वाढलं.

१६ फेब्रुवारी

समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही इथली रीत. हात हलवायचा नाही. सिडनीवाले हात हलवतात, असं क्लाइव्ह तुच्छतेने म्हणाला. मला हे फार आवडलं. आमच्या गावात कुणी 'बुला', म्हणजे नमस्कार, म्हटल्यावर मी एकदा उत्तर न देता तसाच पुढे गेलो, तर आईने चुलीपुढून उठून कान उपटला होता.

आज फोनवर लिटियालाही शिकवलं. जेवायची थाळी स्टिअरिंगसारखी धरून ती बोट उचलत बसली. वासिती म्हणाली, आता ही शाळेतल्या बाईंनाही बोट दाखवणार, आणि तक्रार माझ्याकडे येणार. खूप हसलो तिघं.

४ मार्च

लोक वाईट नाहीत. पबमध्ये गेलो की खुर्ची सरकवतात, आपी कसा आहेस विचारतात. मग पाऊस आणि फुटबॉल. माझ्याशी काय बोलावं त्यांना कळत नाही, आणि मलाही कळत नाही. घरी येऊन डब्यातले मासे गरम करतो आणि नळाखाली एकच ताट धुतो. एकटं वाटतं. फार एकटं वाटतं.

रोज भेटणारा एकच माणूस आहे. संध्याकाळी सायलोंपुढच्या, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांपुढच्या, वळणावर पांढरी पिकअप येते, एक दिवा फुटलेली. ड्रायव्हर बोट उचलतो, मी उचलतो. उन्हामुळे चेहरा दिसत नाही. तरी दिवसातली तेवढीच भेट खरी वाटते.

२१ मार्च

आज माझी काच खाली होती. पिकअप शेजारून गेली आणि इंजिनाचा आवाजच आला नाही. धूळही उडाली नाही. मी मेकॅनिक आहे, मला भास होत नाहीत.

नोलीनला विचारलं. तिने किटली खाली ठेवली. तू बोट नाही ना उचललंस, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, रोज उचलतो. ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.

माझ्या आधी इथे डिंडो नावाचा फिलिपिनो पोरगा होता. आई आजारी म्हणून रजा मागत होता. क्लाइव्हने दिली नाही, बदली माणूस नव्हता ना. शेवटी एका संध्याकाळी तसाच निघाला आणि त्या वळणावर त्याची पांढरी पिकअप उलटली, जागीच गेला. नोलीन म्हणाली, आम्ही कुणी तिकडे बघतसुद्धा नाही रे. एकदा बोट उचललं की त्याला कळतं, हा माझा. तो अजून बदली शोधतोय.

२ एप्रिल

क्लाइव्हला सांगितलं, सोडतो. म्हणाला, जा की, कुणी अडवलंय? पण तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे, तोही जाईल. तुझा आणि तुझ्या बायको-पोरीचा.

वासितीने नोकरी सोडली आहे. लिटियाचा शाळेचा दाखलाही काढलाय. राहतो.

संध्याकाळी बोटं स्टिअरिंगभोवती घट्ट आवळून निघालो. त्याने उचललं. मीही उचललं. कुणी सलाम केला तर तो घ्यायचा नाही, हे मला येतच नाही.

११ एप्रिल

नोलीन समोरून आली. मी बोट उचललं. तिने पाहिलं नाही. मग पोस्टाची गाडी — तिनेही नाही. पबमध्ये कुणी खुर्ची सरकवली नाही. मी उभाच, जणू कुणाला दिसतच नाही —

१२ एप्रिल

पिकअप वळणावर उभी. दार उघडं, आत कुणी नाही. जाऊ नये हे कळत होतं. पण बंद पडलेली गाडी सोडून पुढे जाणारा मेकॅनिक —

सीटवर बसून किल्ली फिरवली. मागे माझीच गाडी सुरू झाली. आत तो, डिंडो. किती लहान आहे! रडत होता. माफ कर दादा, म्हणाला, घरी जातो. बोट उचललं आणि गेला.

वही आणि फोन खिशात होते, तेवढेच आहेत.

तारीख माहीत नाही

वळण ते सायलो. सायलो ते वळण. पुढे चाकं जात नाहीत.

क्लाइव्ह जातो. मान फिरवतो. सगळेच फिरवतात —

फोन एकदा लागला. वासिती हॅलो हॅलो करत राहिली. मग लिटियाला म्हणाली, नुसता वारा आहे गं.

थंडी. जुलै असावा

नोलीन थांबली. माझ्याकडे न बघता बोलली. तुझी बायको आलीय. तू शहरात पळालास असं क्लाइव्ह सांगतो, तिला पटत नाही. पोरीला घेऊन भाड्याच्या निळ्या गाडीने शोधतेय. आपी, माझ्या बाबा, बोट उचलू नकोस.

संध्याकाळ

निळी गाडी.

वासितीच. शेजारी लिटिया, केस कापलेत तिचे —

उचलणार नाही. हात कामात राहावा म्हणून लिहितोय. लिहीत राहायचं. वर बघायचं नाही. बुला वासिती. बुला लिटिया. मला बदली नको. नको. मी इथेच बरा —

गाडी हळू झाली — लिटियाने काच खाली — बोट — मीच शिकवलेलं — उचलून वाट बघतेय, बाबा कधी — माझा हात उच