‘कुछ नहीं’ नावाची जमीन

मी, मधुवंती सूर्यकांत डांगरे, वय ४७, राहणार हुडको, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. वकिलांनी मात्र लगेच वेळ दिली. अशा कागदात ‘मन स्थिर आहे’ असे लिहितात. माझे स्थिर नाही, पण शुद्धीवर आहे आणि माझेच आहे.

१. हुडकोचे घर, बँकेतली शिल्लक व दागिने माझी एकुलती मुलगी उर्वी हिला. याबद्दल मला फार विचार करावा लागला नाही.

२. यजमान कै. सूर्यकांत यांची स्कूटर माझे दीर अभिनव यांना. फावडे व कुदळ त्यांना देऊ नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. हथखोजच्या पुढे आमची दीड एकर जमीन आहे. घर बांधायला म्हणून घेतली होती. पटवारी पाहणी करून गेला आणि त्याने नोंद केली, ‘मौके पर कुछ नहीं’. त्या दिवशी पळस फुलला होता आणि गवतात तितर ओरडत होते. नोंद वाचून सूर्यकांत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जमिनीचे नाव तेच पडले. रविवारी प्लांटमध्ये ड्यूटी नसली की स्कूटर काढून म्हणायचे, "चाल, कुछ नहीं पाहून येऊ." घर बांधायचे राहून गेले. काही राहून गेले असे आम्हाला कधी वाटले नाही.

४. ते गेल्यावर मी काही दिवस नागपूरला माहेरी होते. तेवढ्यात अभिनव यांनी, मायेपोटीच, जेसीबी लावून अर्धी जमीन साफ केली आणि गुलमोहराची रोपे ओळीने लावली. "वहिनी, जंगल झालं होतं तिथं! साप निंगाला अस्ता म्हंजे? थँक्यू तं म्हना!"

मी या तोडीची चौकशी करायला वन खात्याच्या कचेरीत गेले. तिथे कळले की गुन्हा घडलेलाच नाही. खोड ठराविक जाडीचे नसेल तर नियमाच्या भाषेत ते झाड नव्हे. करवंदीच्या जाळ्या, कुसळी गवत, शतावरी यांना तर नियमात नावच नाही. उलट गुलमोहरांबद्दल अभिनव यांना एका संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. ते त्यांच्या दिवाणखान्यात लावलेले आहे. मी त्यांना माफ केले का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. स्कूटर देते आहे. फावडे देत नाही.

५. पुढे त्या नियमांत बदल करण्याचा मसुदा निघाला, तेव्हा मी हरकत नोंदवली: देशी झुडपे आणि गवत यांनाही संरक्षण द्यावे, जे तोडले त्याच जातीचे लावावे, आणि कोणतीही जागा रिकामी ठरवण्याआधी ती सगळ्या ऋतूंत पाहावी. जनसुनवाईत साहेबांनी विचारले, "मैडम, आपको पेड़ चाहिए कि नहीं चाहिए?" लोक हसले. हरकत अजून विचाराधीन आहे. ती पुढे चालवण्याचा हक्क, असा काही हक्क असलाच तर, उर्वीला.

६. जमीनही उर्वीला. पहिल्या खर्ड्यात ‘कधीही विकू नये’ अशी अट होती. वकील म्हणाले, मालकी द्यायची आणि विकायला कायमची बंदी घालायची, हे कायद्यात टिकत नाही. टिकत नसली तरी असू द्यावी, असे मला वाटत होते. म्हणून बंगळूरला उर्वीला फोन केला.

"आई, मी परत नाही येणार. सच में. तू अट टाकशील तर मी हो म्हणीन, और फिर वो झूठ हो जाएगा. तुले चालेल का?"

मला चालणार नव्हते. मग तीच म्हणाली, "पळस फुलला का गं?"

"फुलला. उरलेल्या अर्ध्यात."

बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.

अट खोडली आहे. ज्या जागेला कायदा ओळखत नाही, तिच्यासाठी मी माझ्या मुलीला कायद्याने बांधून कशाला ठेवू?

बाळा, विकायची झाली तर विक. मागणे एकच. विक्रीपत्रात ‘रिकामी जमीन’ असे कोणाला लिहू देऊ नकोस. खालचे वर्णन जसेच्या तसे उतरवून दे.

मिळकतीचे वर्णन: पूर्वेस कारखान्याची भिंत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पायवाट, दक्षिणेस शेत. मौक्यावर: पळस, चारोळी, धावडा, तेंदूची झुडपे, करवंदीच्या जाळ्या, कुसळी गवत, शतावरी, तितर, गुलमोहराची एक ओळ, तीही आता तिथलीच, आणि एके काळी, रविवारी सकाळी, दोन माणसे.

सही: मधुवंती सूर्यकांत डांगरे

साक्षीदार (दोघांच्या देखत मी सही केली व माझ्या देखत दोघांनी केली, दोघांनाही यातले काही मिळत नाही):
१. अन्नपूर्णा वानखेडे, शेजारीण
२. टिकाराम साहू, सूर्यकांत यांचे प्लांटमधले सहकारी

भिलाई, रविवार, १६ मार्च २०२५