बारा रात्री, शून्य डॉलर

रिव्हर्सडेल, २३ जुलै

प्रिय मार्नी,

अक्षराला नावं ठेवू नकोस. बाराव्या वर्षी आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. त्यानंतर आयुष्यभर लिहिल्या त्या फक्त सामानाच्या याद्या. पीठ, साखर, बटाटे, दोन मेंढ्यांचं मटण. शेजारची मर्ल म्हणाली, "तू नुसतं सांग, मी फोनवर लिहून पाठवते." म्हटलं, बाई, तुझ्या बोटांतून गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पेट्रोलपंपावर पोचते. म्हणून स्वतः लिहिते आहे. आज तिसरा दिवस.

इथं ऐन हिवाळा, हाडं फुटायची थंडी आहे. सोमवारी न्हाणीघराचा नळ गोठून फुटला, तो चिंध्या गुंडाळून मीच बांधला. कोंबड्यांनी अंडी बंद केली आहेत. टिप तुझ्या बुटांवर डोकं ठेवून झोपायचा, म्हणून मी बूट उचलून लाकडाच्या खोपटात टाकले. आता तो खोपटात झोपतो. त्या कुत्र्याची अक्कल पहिल्यापासूनच बेताची. डग परवा येऊन गेला. नोव्हेंबरात त्याची मेंढ्या कातरणाऱ्यांची टोळी बारा जणांची आहे, स्वयंपाकाला मी येणार का विचारत होता. म्हटलं, गुडघ्यांना विचारून सांगते. जाता जाता दारात थांबला. "मार्नी तोवर येईल ना गं? लोकर झाडायला तिच्यासारखं माणूस मिळत नाही." मी दार लावून घेतलं. थंडी आत येत होती.

तुझी ती निळी वही सारखी डोळ्यांसमोर येते. दोन हंगाम तू कातरणीच्या शेडमध्ये झाडू मारलास, अठरा हजार साठवलेस, आणि संध्याकाळी सगळ्यांची जेवणं उरकली की माझ्या टेबलावर ती वही उघडून बसायचीस. नऊ महिने, अकरा देश. मी तुला म्हटलं होतं, एवढं घाबरायचं काय त्यात, शेडचं सामान भरण्यासारखंच आहे. तोंडं किती, दिवस किती, आणि ओले दिवस किती. पाऊस लागला की मेंढ्या ओल्या, ओली मेंढी कुणी कातरत नाही, मजुरी बंद. पण बारा तोंडं काही बंद होत नाहीत. दहा दिवसांमागे दोन ओले धर, म्हटलं. तू हसलीस. "नॅन, थायलंडमध्ये कुठे मेंढ्या?" पोट तर तुझ्याबरोबर येणार आहे ना, मग झालं. धरलेस तू ओले दिवस. पुढे लाओसमध्ये बस मोडून चार दिवस अडकलीस तेव्हा मर्लच्या फोनवर लिहिलंस, 'नॅनला सांगा, ओले दिवस कामाला आले.' मी त्या दिवशी मर्लला दोनदा वाचायला लावलं. कशाला खोटं बोलू.

सगळी टोळी तुझा खर्च कापायला बसायची. कातरणाऱ्यांतला हेमी म्हणायचा, "आंटी, इटलीत कॉफी बसून प्यायली तर दुप्पट पैसे घेतात, उभ्यानं स्वस्त." मी म्हटलं, मग उभ्यानंच पिऊ दे, दिवसभर शेडमध्ये उभीच असते की. विम्याचे नऊशे डॉलर बघून माझे डोळे पांढरे झाले. नऊशे डॉलर, आणि मरणार नाही याची खात्री तरी देतात का? "खात्री नाही नॅन, मेले तर घरी आणून देतात." मग इथंच मर, म्हटलं, फुकटात होईल. हेमीच्या नाकातून चहा आला होता. आणि ती पाठीवरची पिशवी! लोकरीच्या काट्यावर टाकली तर एकोणीस किलो. त्यातून केस वाळवायचं यंत्र, तिसरी जीन्स आणि चार पुस्तकं मी काढली, बारावर आणली. मी आत चहाची पुडी सरकवली ते तू बघितलं नाहीस. असो.

पण पहिलं पान माझं होतं. बाकी काहीही लिही, म्हटलं, पहिल्या पानावर परतीचं भाडं. आपल्या या खोऱ्यात पोरं विशी ओलांडली की जग बघायला जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही; उलट न गेलेल्यालाच लोक विचारतात, काय रे, तब्येत बरी आहे ना? पण परतीचं भाडं न ठेवता गेलेलं माणूस मी एकदा या घरातून घालवलेलं आहे. तुझी आई, माझी लेक. तू चार वर्षांची होतीस. सहा महिने इंग्लंडात हॉटेलात काम करते, पैसे साठवते आणि येते, असं सांगून लिनेट गेली. तिचे सहा महिने अजून चालू आहेत. म्हणून तुझं भाडं मी माझ्या स्वयंपाकाच्या मजुरीतून बाजूला काढलं. एकोणीसशे पन्नास डॉलर, बेकिंग पावडरच्या डब्यात. ते माझ्याकडेच राहतील, मागशील तेव्हा पाठवीन, असं ठरलं. तू उठून मला मिठी मारलीस. ती मिठी जरा जास्तच वेळ चालली. मला वाटलं, पोरीला माझं मन कळतंय. कळत होतंच म्हणा. मला तुझं कळत नव्हतं.

आता स्कारबरोबद्दल. वहीत प्रत्येक गावापुढे झोपायचा खर्च होता. बँकॉक बारा डॉलर, क्राकोव्ह अठरा, रोममध्ये एका खोलीत आठ जण आणि तरी पस्तीस. इंग्लंडातल्या या एकाच गावापुढे लिहिलं होतं: बारा रात्री, शून्य. मी बोट ठेवून विचारलं, हे कसं? तू वहीतून डोकं वर काढलं नाहीस. "हेमीचा एक मित्र आहे तिथे. सोफ्यावर झोपेन." हेमी दर वर्षी तिकडच्या उन्हाळ्यात मेंढ्या कातरायला जातो, तेव्हा असेल बापडा कुणी. मी पुढे गेले. चाळीस वर्षं सामान भरते आहे मी. खाटकानं पाव किलो कमी दिलं तर हाताला कळतं मला. आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच नाकाखाली शून्य लिहिलेलं होतं आणि मी पुढे गेले.

मागच्या मंगळवारी मर्ल फोन घेऊन आली. "बघ गं, तुझी नात केक खातेय! काय सुरेख फुगलाय!" फोटोत तू टेबलाशी बसलेली. गाल वर आलेत, बरं आहे. समोर साय लावलेला केक, आणि कडेला केक कापणारा एक हात. नुसता मनगटापर्यंत. मनगटावर घोड्याच्या नालेसारखा पांढरा डाग. लिनेट नऊ वर्षांची असताना शेडच्या भट्टीचं दार तिच्या हातावर पडलं होतं. मीच त्यावर लोणी चोळलं होतं, तेव्हा तेच करायचे. खाली तू लिहिलं होतंस ते मर्लनं मोठ्यानं वाचलं. 'नॅन, मी इथं जरा थांबते आहे. परतीच्या भाड्याची घाई करू नकोस.' मर्ल म्हणाली, "काय झालं गं, गार पडलीस?" म्हटलं, चहा ओत.

तरी हेमीला विचारलं. माणूस शेवटपर्यंत मूर्खपणा सोडत नाही. तो म्हणाला, "आंटी, स्कारबरोत माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही." मग तुझ्या खोलीत गेले. कधी कुणाच्या कप्प्यांना हात लावत नाही मी, पण त्या दिवशी लावला. खालच्या कप्प्यात तुझी पहिली वही सापडली, निळीच्या आधीची, खाडाखोड असलेली. पहिल्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरची तारीख. थायलंड नाही, रोम नाही, परतीचं भाडं नाही. पानभर एकच शब्द, स्कारबरो, आणि पाठीमागे पत्ता. पत्त्याच्या वर 'आई' असं लिहिलेलं. म्हणजे अकरा देश नंतर आले. ते शून्य आधी होतं. बाकीचा सगळा प्रवास तू त्याच्या भोवती रचलास, मला दिसू नये म्हणून, आणि मी बसून त्यातल्या कॉफीचे पैसे कमी करत होते.

रागाचं कारण नीट समजून घे. तू तिच्याकडे गेलीस म्हणून नव्हे. पोर आईकडे जाणारच, मेंढीचं कोकरूसुद्धा कुंपण तोडून जातं. दोन हंगाम तू माझ्या हातचं खाल्लंस, माझ्याशी विम्यावरून भांडलीस, माझ्या काट्यावर पिशवी तोललीस, आणि सगळा वेळ तुझ्या पोटात हे होतं. मला फसवायला तुला चोरीसुद्धा करावी लागली नाही. भाडं घेऊन पळाली असतीस तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. तू ते माझ्याच डब्यात ठेवून गेलीस, आणि आता म्हणतेस घाई नको.

दुसरी गोष्ट लिहायलाच तीन दिवस लागले. दोन वर्षं तिच्याशी पत्रव्यवहार आहे, म्हणजे मी काय केलं ते तिनं तुला सांगितलं असणार. आणि तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस. फाटकाजवळची पत्रपेटी आठवते? शाळेच्या बसमधून उतरलीस की आधी ती उघडून बघायचीस. वर्षभर रोज. मग एक दिवस न बघता सरळ आत आलीस आणि खायला मागितलंस. त्यानंतर दोन आठवड्यांनी तिचं पत्र आलं. काम सुटलंय, छातीत दुखणं धरलंय, घरी यायचंय, भाडं पाठव. माझ्याकडे पैसे होते, मार्नी. त्याच डब्यात होते. मी पाठवले नाहीत. ती आली असती तर वसंतापर्यंत राहिली असती आणि पुन्हा गेली असती. आणि तू पुन्हा त्या पेटीपाशी उभी. नाहीतर तुला घेऊन गेली असती. यातलं कुठलं भय मोठं होतं ते मला आजही सांगता येत नाही, म्हणून विचारू नकोस. दुसरं पत्र चार ओळींचं होतं. तेव्हापासून पेटीपर्यंत मी तुझ्या आधी जायला लागले. तिसरं आलंच नाही. पुढे तिच्याकडे भाड्यापुरते पैसे झालेच असतील, पण तोवर तिची मान ताठ झाली होती. ती मान माझ्याकडूनच आली आहे. आणि तू विचारायचीस, आईचं काही आलं का, तेव्हा मी म्हणायचे, नाही. कणीक मळता मळता म्हणायचे, वर बघायचे नाही. तू वहीतून डोकं वर न काढता सोफ्याबद्दल बोललीस ना, अगदी तसं. दुसरं काही शिकली नसशील तरी माझ्याकडून ते बरोबर उचललंस.

तर हे पत्र कशासाठी, ते. आत बँकेचा ड्राफ्ट आहे. काल बसनं गोर गावी जाऊन काढला. तुझ्या नावाचा नाही. लिनेटच्या नावाचा आहे. खिडकीतल्या पोरीनं विचारलं, ही तुमची कोण लागते? म्हटलं, आडनाव वाच की. तिनं तेव्हा जेवढे मागितले होते तेवढ्यात आता अर्ध्या वाटेपर्यंतही कुणी पोचत नाही, म्हणून डब्यातले सगळे घातले, एकोणीसशे पन्नास. म्हणजे तुझं परतीचं भाडं आता नाही. तुला यायचं असेल तर तिकडे भांडी घास, केक काप, काय वाटेल ते कर. हिशेब तुला येतो. तिला माझ्या वतीनं काही सांगू नकोस. नुसता हातात दे, आणि उशीर झाला एवढं म्हण. ती ड्राफ्ट फाडेल, मोडून खाईल किंवा तिकीट काढेल, तिचं ती बघेल. मला फक्त एक हवं आहे. हिवाळा संपला की मी घरचं सामान भरते आणि तोंडं मोजल्याशिवाय मी कधी सामान भरलेलं नाही. माझं तोंड सोडून एक की दोन, तेवढा आकडा कळव. शून्य असेल तर शून्य लिही, पण या वेळी खरं लिही.

अजून तरी तुझीच,
नॅन