जावई चौकातला जावई

बाबा, सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरजवळच्या चौकाले जावई चौक कावून म्हणतात, ते शेवटी सापडलं. तुमाले माहीत होतं, अन् तुमी मरेपर्यंत चूप राहिले. वा रे वा!

आमी काही रिटायर लोक दर रविवारी पुस्तकासाठी भिलाईतल्या मराठी माणसांचा इतिहास गोळा करून राहिलो. म्हणजे चहा पिऊन भांडून राहिलो. एक गुरुजी म्हणत, हा जुना छत्तीसगढी शब्द आहे. दुसरे म्हणत, प्लांटच्या कोण्या साहेबाचा जावई तिथं राहत होता. शेवटी सेक्टर दहातल्या एका म्हाताऱ्या आजीकडे गेलो. आपल्याले तिथं क्वार्टर भेटायच्या आधी त्या त्याच चौकात राहत.

आजींनी आधी पाटवडीचा रस्सा वाढला, मग सांगू लागल्या. "भाचीचा नवरा पहिल्यांदा येणार होता, आमी लग्नाले गेलो नोतो, म्हणून त्याचं तोंड कोणी पाह्यलं नोतं. तेवढ्यात एक माणूस सरळ आत आला, जोडे काढले, पाय धुतले अन् पाटावर बसला. आमी आग्रह करकरून वाढलं. त्या बिचाऱ्याले त्याच्या फोरमननं जेवाले बोलावलं होतं, बाजूच्या लाइनीत! सारे क्वार्टर एकसारखे. खरा जावई आला तवा रस्सा खतम! तवापासून सारे त्याले जावई चौक म्हणू लागले."

सारे हसून राहिले, मीही हसली. एक घास घेतला अन् सवयीनं बोलून गेली, "रस्सा बरा हाय, पण मिरची लाजून राहिली."

आजींचा हात थांबला. "अवो माय! हेच बोलला होता तो. तू त्याची पोट्टी?"

बाबा, तुमचंच घरचं वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं, म्हणजे तो जावई तुमीच! म्हणून लहानपणी मी मैत्रिणीकडे निघाली की तुमी ओरडत होते ना, "आधी नंबर वाच, मग पाय टाक!" मी त्याले शिस्त समजत होती.

गुरुजींनी विचारलं, पुस्तकात बाबांचं नाव टाकू का? तुमाले अजिबात चाललं नसतं. पण बाबा, ज्या क्वार्टरमध्ये तुमी नोकरी काढली, तिथं आता दुसऱ्याची पाटी आहे. त्या लाइनीत तुमाले ओळखणारं कोणी उरलं नाही, लय वाईट वाटते. चौकाले मात्र पोरंसोरं अजून जावई चौकच म्हणतात. मी म्हटलं, टाका.

तुमचा आताचा नंबर मले माहीत नाही, म्हणून हे पत्र घरीच ठेवते. राग आला असंल तर या अन् बोला मले. आमी आता नेहरू नगरात राहतो, हे घर तुमी पाहिलं नाही. इथंही घरं सारखीच दिसतात, फाटकावरचा नंबर वाचून या. अन् खरं सांगू, नाही वाचला तरी चालंल.