कपाटाची भट्टी

४ मार्च
भंगारातून लोखंडी कपाट आणलं. याचीच भट्टी करणार! वाटणीत कार्बनचं काम भाजायची मोठी भट्टी धाकट्या भावाकडे गेली. जाऊ दे. पोरीचं पाऊल चालताना लोंबतं, त्याला आधार द्यायचा ब्रेस दरवर्षी तोच करायचा — पाय वाढला की नवा. आताचा घट्ट होतोय, टाचेवर फोड आलाय. पण त्याच्या दारात मी जाणार नाही. गिऱ्हाइकासमोर म्हणाला होता, "नाजूक काम दादाच्या हाती देऊ नका, त्याला दम धरवत नाही." सख्खा भाऊ!

९ मार्च
आतून उष्णता धरायला ग्लासवूल, तळाला हीटरची कॉइल, हवा फिरवायला पंखा. बायको म्हणाली, "कपड्यांसाठी कपाट मागत होते तेव्हा नाही सुचलं ते!" ऐकून घेतलं. तापमानाचा काटा ऐंशीवर चढला आणि तिथेच टिकला. बघ म्हणावं त्याला!

११ मार्च
पोरीच्या पायाचा साचा घेतला. त्यात प्लास्टर ओतलं — हुबेहूब पाय! ती सगळा वेळ गप्प बसून होती. धाकटा साचा घ्यायचा तेव्हा दोघांची बडबड थांबायची नाही.

१५ मार्च
सत्यानाश. कार्बनचं कापड रेझिनमध्ये भिजवून त्या प्लास्टरच्या पायावर चढवलं, भाजलं, दगडासारखं कडक झालं — आणि सुटेचना! छिन्नी लावली तर ब्रेसला चीर, पायाचा चुरा.

मेण! प्लास्टरच्या पायाला मेण लावायचं राहिलं. इतकी वर्षं ते काम धाकट्याचं. एक थर, तो सुकू द्यायचा, पुसायचा, मग पुढचा. मला वाटायचं कामचुकार, फडकं फिरवत बसलाय.

पोर दारात उभी. "बाबा, काका आधी मेण..." एवढंच म्हणाली. मी ओरडलो. त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही!

१६ मार्च
पोर माझ्याशी बोलत नाही.

२० मार्च
पुन्हा साचा. मेण लावलं. सुकायलाही वेळ दिला — बऱ्यापैकी.

२२ मार्च
सुटला! टाचेशी जरा खडबडीत आहे, घासला. पोरीने घरभर चालून दाखवलं. "छान बसलाय, बाबा." डोळे भरून आले माझे. धाकट्याला सांगा रे कुणीतरी!

२९ मार्च
पोरीच्या मोज्यावर प्लास्टरचा पांढरा डाग. इतके दिवस मोजे धुतले नाहीत का, म्हणून बायकोवर चिडलो. ती काहीच बोलली नाही. एरवी सोडते का!

५ एप्रिल
टाचेवरचा फोड पार बरा झाला. आता म्हणा, दम धरवत नाही!

८ एप्रिल
पोर डबा विसरली, म्हणून मागोमाग शाळेत गेलो. फाटकाजवळच्या बाकावर बसून ती ब्रेस बदलत होती. माझा काढला, फडक्यात नीट गुंडाळून दप्तरात ठेवला. दुसरा घातला. आतून काचेसारखा गुळगुळीत. कुणाच्या हातचा ते विचारायची गरज नव्हती. उठली आणि पळाली — पळाली! डबा रखवालदाराकडे देऊन परत आलो.

संध्याकाळी घरी आली ती माझाच घालून. जिना लंगडत चढली.

"कसा आहे गं ब्रेस?"

"छान बसलाय, बाबा."