मदरबोर्डची अंतिम निवड

१४ जून, शनिवार. हॅनोव्हर.
ठरलं. ऋचासाठी कॉम्प्युटर घरीच बांधायचा. ऑक्टोबरमध्ये ती आर्किटेक्चर शिकायला आखन शहरात जाणार. (अॅडमिशन अजून यायची आहे. येईलच, मुलगी माझी आहे.) ते ड्रॉइंगचे प्रोग्रॅम जड असतात, तिचा लॅपटॉप त्यापुढे मान टाकेल. ती जायच्या आत आम्ही दोघांनी डायनिंग टेबलावर बसून एकेक स्क्रू लावत मशीन उभं करायचं. कल्पना माझी. ती चक्क हो म्हणाली, आणि तेही मराठीत.
अट एकच, मदरबोर्ड मी निवडणार. बाकी सगळे भाग त्याच्यावर बसतात. तो चुकला की सगळं चुकलं.

१५ जून.
नागेश भेटला. पुण्याचा आयटीवाला, मागच्या गल्लीत राहतो. म्हणाला, कुठलाही बरा बोर्ड घे, निवडायला दहा मिनिटं पुरतात. मी हसलो. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला वस्तू कळत नाहीत. मी गिअरबॉक्सवाला. शिवाय कुठलाही कोर्स न करता मी वॉशिंग मशीन दुरुस्त केलंय. स्पिनला ते अजूनही चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतं. पण आता सरळ रेषेत येतं.

६ जुलै, रविवार.
एक्सेल तयार. प्रत्येक बोर्डाला प्रत्येक निकषावर गुण, प्रत्येक निकषाला वजन. स्क्रूच्या भोकांची कड किती सफाईदार आहे हाही निकष आहे. तो इंटरनेटवर कुणीच लावत नाही. फोटो मोठे करून बघावं लागतं.
नीता म्हणाली, आपलं लग्न ठरताना एवढं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, तेव्हा मला एक्सेल येत नव्हतं. ती उठून आत गेली.

२७ जुलै.
ऋचा सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करते. त्या कमाईतून तिने बाकीचे सगळे भाग आणले. प्रोसेसर माझ्या संमतीने. कॉरिडॉरमध्ये खोक्यांची चळत. विचारत होती, बोर्डाचं काय. सांगितलं, पहिल्या दोघांचे गुण सारखे आलेत. मग कुठलाही घे, म्हणाली.
या पिढीला समान गुणांचं गांभीर्य नाही.

२४ ऑगस्ट, रविवार.
कोंडी फुटली. 'माहितीपत्रकातील चुका' हा निकष वाढवला आणि एक बोर्ड स्पष्ट विजयी ठरला. ऑर्डर द्यायला गेलो तर तो कंपनीने बंद केलेला. माझ्या पद्धतीत दोष नाही, बाजार उतावीळ आहे.
दुसऱ्या क्रमांकाचा घ्यावा का? नाही. दुसरा तो दुसराच. नव्याने सुरुवात. या वेळी जास्त काटेकोर.

१३ सप्टेंबर, शनिवार.
अॅडमिशन झालीच होती, आता खोलीही मिळाली. ऋचा ४ ऑक्टोबरला जाणार. भरपूर वेळ आहे.
आज मैत्रिणी तळ्यावर चालल्या होत्या, ही गेली नाही. माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आज निवडून टाकू या का? म्हटलं, आधी समजून घे. व्होल्टेजचे आलेख दाखवले. सुरुवातीला प्रत्येक आलेखाला 'गेनाऊ, बाबा', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत होती. मग शांतपणे ऐकू लागली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, झोपली आहे. माणूस विश्वास असल्याशिवाय असा झोपत नाही.

२२ सप्टेंबर. घटस्थापना.
ऑर्डर दिली! शेवटी अनुभवी नजर लागते. (एक्सेलमध्ये हा चौथा होता. वजनं थोडी दुरुस्त केली.)

२५ सप्टेंबर.
पार्सल आलं आणि गेलं. मी घरातच होतो, पण हेडफोन लावून याच बोर्डाची परीक्षणं ऐकत होतो. निवड झाल्यावरही ऐकावीत, आत्मविश्वास वाढतो. बेल ऐकू आली नाही. पोस्टमनने पार्सल शेजारच्या फ्राऊ बेन्केंकडे ठेवलं आणि तशी चिठ्ठी टाकली. मी चिठ्ठी घेऊन गेलो तोवर बेन्केबाई सुट्टीसाठी समुद्रावर रवाना. ३० तारखेला परत.
ऋचाने कॉरिडॉरमधल्या खोक्यांवरची धूळ पुसली.

३० सप्टेंबर, मंगळवार.
बोर्ड घरात! ऋचाने टेबल रिकामं केलं, स्क्रूड्रायव्हर आणला, केस बांधून बसली. आत्ता लावू, म्हणाली. मी थांबवलं. उद्या खंडेनवमी. सांगलीला आमचे अण्णा पूजा झाल्याशिवाय नव्या यंत्राचं बटण दाबत नसत. आधी पूजा, मग जोडणी. तिने विचारलं, उद्या नक्की ना? हे काय विचारणं झालं?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
पूजा उत्तम. पाटावर माझे पाने, ड्रिल, व्हर्निअर आणि मधोमध बोर्ड. नीताचं म्हणणं, खोक्यालाच हळदकुंकू लावा. अहो, खोक्याला कोण नमस्कार करतं? अण्णा लेथच्या उघड्या जबड्याला कुंकू लावायचे. प्रोसेसर बसतो त्या चौकटीवर प्लॅस्टिकचं झाकण होतं, प्रोसेसर बसवण्याआधी काढू नये असं छापलेलं. ते नवशिक्यांसाठी. पूजा झाकणाला पोचून काय उपयोग? मी काढलं. आत केसाहून बारीक पिनांचं रान. फार सुबक काम.
अक्षता किंचित ओल्या होत्या.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
एक दाणा चौकटीत गेला. नीताच्या भुवयांच्या चिमट्याने काढला. दाणा निघाला, पण अर्धा. मग सुई घेतली. काही पिना वाकल्या होत्या, त्या सरळ केल्या. बहुतेक आता सरळ आहेत. काही जास्तच.
ऋचाला सांगितलं, आज नको, नवा बोर्ड खोलीच्या तापमानाला एक दिवस ठेवतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
जोडणी झाली. ऋचा भाग हातात देत होती, मी बसवत होतो. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळाच. बोर्डावर लाल दिवा. म्हणजे वीज पोचते आहे, अर्धं काम झालं.
नागेश सोनं द्यायला आला. बोलवलं नव्हतं तरी मोबाइलचा टॉर्च लावून वाकला. मी प्रोसेसर पुन्हा बसवायला नुकताच काढला होता. त्याने विचारलं, आत कुंकू कसं आलं? मी त्याला श्रीखंड वाढलं. ऋचाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाटाकडे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
राष्ट्रीय सुट्टी. देशभर दुकानं बंद. अख्खा जर्मनी एक झाल्याचा दिवस, आणि एक मदरबोर्ड मिळत नाही.
दिवसभर मेमरी काढली, घातली. हेअर ड्रायर मारून पाहिला. ऋचा मधूनमधून दारात येऊन उभी राहायची. बॅग भरून झाली होती. चहा घेऊ या का, म्हणाली. म्हटलं, पाच मिनिटं.
चहा नीताने तिच्याबरोबर घेतला.

४ ऑक्टोबर, शनिवार.
ऋचा गेली. बाकी भाग सोडवून तिने आपापल्या खोक्यांत नीट भरले आणि व्हॅनमध्ये ठेवले. माझा बोर्ड तेवढा ठेवून गेली. निघताना मी म्हटलं, दोन आठवड्यांत नवा निवडून पाठवतो. तिने मिठी मारली आणि म्हणाली, "नको बाबा, निवडू नकोस."
माझ्यावरचा ताण तिला बघवत नसावा.

५ ऑक्टोबर, रविवार.
व्हिडिओ कॉल आला. फोन खिडकीत उभा करून ठेवलेला. समोर टेबल, सगळे भाग आणि एक न उघडलेलं खोकं. मदरबोर्ड! मी विचारण्याआधीच नीताने विचारलं, हा कधी घेतलास?
"जुलैत," ऋचा म्हणाली. "परत करायची मुदत केव्हाच संपली. बाबाने निवडलेला बाबाबरोबर लावायचा होता म्हणून हा बाहेर काढला नाही."
नीता माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसला. स्क्रीनवर नीट दिसत नव्हतं.
ऋचा म्हणाली, मी लावते, तुम्ही बघा. नुसतं बघून कसं चालेल? खुर्ची पुढे ओढली आणि पायरी पायरीने सांगत गेलो. झाकण आत्ता काढ. प्रोसेसर वरून अलगद सोड, दाबू नकोस. आता खटका. स्क्रू आधी सैल, मग तिरपे समोरासमोर आवळ. पोरीने एकही सूचना चुकवली नाही. कधी कधी तर मी बोलायच्या आधीच हात तिकडे जात होता. इतका मेळ आमचा पूर्वी कधी जमला नव्हता. बटण दाबलं. स्क्रीन लागला. तिने दोन्ही हात वर केले. मीही केले.
नोंद करून ठेवतो: ऋचाचा कॉम्प्युटर आज माझ्या मार्गदर्शनाखाली, पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला.

जेवताना नीता म्हणाली, मी माझा प्रश्न विचारून झाल्यावर आपला माइक बंद करून ठेवला होता.